केपी दोनवर असताना फिक्स का जाते? इंदूरच्या संध्याकाळचा अंदाज

प्रश्न इंदूरच्याच एका तरुण सर्व्हे इंजिनिअरचा आहे. थोडक्यात असा: "काका, आम्ही सुपर कॉरिडॉरच्या पलीकडे रस्त्याचं काम रात्री करतो, कारण दिवसा गाड्या थांबत नाहीत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सलग तीन रात्री, आठ ते दहाच्या दरम्यान, रोव्हरची फिक्स जात राहिली. वर आकाश मोकळं, आजूबाजूला झाड नाही, इमारत नाही. मी रोज केपी बघतो, तो एक-दोनच्या वर नव्हता. वादळ नव्हतं तर मग हे काय होतं? आणि काय बघितलं म्हणजे आधी कळेल?"

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी: बेस म्हणजे ज्ञात जागी ठेवलेला उपग्रह-रिसीव्हर, रोव्हर म्हणजे पोलवर घेऊन फिरायचा दुसरा, आणि दोघांची तुलना करून जागच्या जागी सेंटिमीटरभर अचूक जागा काढायची पद्धत म्हणजे आरटीके. अशी पक्की जागा मिळाली की ती फिक्स, ढोबळ राहिली की फ्लोट. आज रात्री कामाला येईल ते आधी सांगतो. आपल्या भागात ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी साडेसात ते साडेअकरा ही वेळ आरटीकेसाठी धोक्याची असते, आणि त्यासाठी चुंबकीय वादळ लागत नाही. केपी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजतो. तुझी फिक्स ज्याने घालवली ती गोष्ट बऱ्याचदा अगदी शांत दिवशीच होते. केपी बघणं सोडू नकोस, पण त्याच्या आधी महिना कोणता, सूर्याचा रेडिओ फ्लक्स किती आणि सूर्यास्त किती वाजता, एवढं बघ. मी या तीन गोष्टींवरून बारा-तेरा वर्षं रात्रीची कामं लावतो आहे आणि बहुतेक वेळा त्यांनी मला वाचवलं आहे.

आता कारण. ते नीट समजून घे, कारण कारण कळलं की अंदाज तुझा तुलाच करता येतो.

कर्कवृत्त आपल्या उज्जैनजवळून जातं हे आपण शाळेत शिकलो. आयनांबराला, म्हणजे वरच्या हवेतल्या विद्युतभारित थराला, त्या रेषेशी काही देणंघेणं नाही. त्याची रेषा वेगळी: चुंबकीय विषुववृत्त, आणि ते भारताच्या दक्षिण टोकाला, तिरुनेलवेलीजवळून जातं. १९६३ साली पहिलं रॉकेट सोडायला केरळातलं थुंबा हे मासेमारीचं गाव निवडलं, ते याच रेषेच्या जवळ आहे म्हणून. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी वरच्या विरळ हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. सगळ्यात दाट थर तीनशे-चारशे किलोमीटरवर असतो. सूर्य डोक्यावर असलेल्या भागात हा थर सर्वांत दाट असेल असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा पूर्वेकडे जाणारं विद्युत क्षेत्र असतं आणि चुंबकीय रेषा आडव्या उत्तर-दक्षिण असतात. या दोघांमुळे तिथले इलेक्ट्रॉन आणि आयन वर उचलले जातात, मग चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना खाली येतात. अगदी कारंज्यासारखं. कारंज्याचं पाणी नळाशी पडत नाही, बाजूला पडतं. तशी ही रास विषुववृत्तापासून पंधरा अंशांच्या आसपास उत्तरेला आणि दक्षिणेला साचते. अ‍ॅपलटन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४६ मध्ये या दोन राशींकडे जगाचं लक्ष वेधलं.

उत्तरेकडची रास अहमदाबाद, इंदूर, भोपाळ या पट्ट्यावरून जाते. म्हणजे आपण राशीच्या माथ्याखाली राहतो. तिरुवनंतपुरमपेक्षा आपल्या डोक्यावर इलेक्ट्रॉन जास्त असतात. सिमरोलच्या आयआयटी इंदूरमध्ये आयनांबरावर काम करणारा गट आहे, तो इथे आहे हे मला फार योग्य वाटतं. इतकी मोक्याची जागा देशात थोडी आहे.

या राशीचा हिशेब रुपये-पैशांत मांडावा तसा मांडता येतो. एक चौरस मीटर तळ असलेला आकाशभर उंच खांब कल्पून घे. त्यात एकावर सोळा शून्यं इतके इलेक्ट्रॉन असले की त्याला एक टेक युनिट म्हणतात. एका युनिटमुळे जीपीएसच्या एल-वन सिग्नलला साधारण १६ सेंटिमीटरचा उशीर होतो. सूर्य जोरात असताना मार्चच्या दुपारी दोन-तीन वाजता इंदूरवर १०० युनिट सहज असतात. म्हणजे १६ मीटर, तेही उपग्रह थेट डोक्यावर असेल तर. क्षितिजाकडे झुकलेल्या उपग्रहाचा सिग्नल या थरातून तिरका येतो, त्याला याच्या दुप्पट-तिप्पट.

एवढा उशीर असून आपलं काम चालतं, कारण उशीर वारंवारितेच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असतो. दोन वारंवारिता असल्या की वजाबाकी करून तो जवळजवळ पूर्ण काढून टाकता येतो. मोबाइलसारख्या साध्या, एकाच वारंवारितेच्या रिसीव्हरला जीपीएस स्वतः एक ढोबळ सूत्र पाठवतं. ते निम्म्याच्या आसपास चूक काढतं, आणि रात्रीसाठी साधारण दीड मीटरचा एक ठरलेला आकडा धरतं. आपल्याकडे संध्याकाळी रास विरघळायला वेळ लागतो. आठ-नऊ वाजता खरा उशीर त्या आकड्याच्या कितीतरी पट असू शकतो. ज्यांच्याकडे जुने सिंगल फ्रिक्वेन्सी हँडहेल्ड आहेत त्यांनी एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे.

तुझा त्रास मात्र उशिराचा नाही. दिवसाचा त्रास वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा, आणि नव्या मुलांची इथेच गल्लत होते. दुपारी राशीला उतार असतो. बेस देवासला आणि रोव्हर राऊला असेल तर दोघांच्या वरचे इलेक्ट्रॉन सारखे नसतात, आणि तो फरक गणितात शिल्लक राहतो. फिक्स यायला वेळ लागतो, उंची दोन-चार सेंटिमीटर हलते. यावर उपाय साधा: बेस जवळ आण. संध्याकाळी जे होतं त्याला बेस जवळ आणून काही होत नाही.

सूर्य मावळताना चुंबकीय विषुववृत्तावर काय घडतं ते बघ. खालचा थर झपाट्याने विझतो. पूर्वेकडचं विद्युत क्षेत्र उलटं फिरण्याआधी एकदा उसळी घेतं, दिवा विझताना मोठा होतो तसं. त्या उसळीने वरचा थर आणखी वर ढकलला जातो. आता वर दाट आणि खाली विरळ. भांड्यात वर पाणी आणि खाली तेल अशी स्थिती क्षणभर जरी आणता आली तरी तेलाचे बुडबुडे पाण्यातून वर निघतील. इथेही तेच होतं: विरळ भागाचे बुडबुडे दाट थरातून वर चढतात. हे बुडबुडे गोल नसतात. चुंबकीय रेषेच्या लांबीभर ताणलेले असतात, पूर्व-पश्चिम शंभर-दोनशे किलोमीटर रुंद आणि उत्तर-दक्षिण हजारो किलोमीटर लांब. बुडबुडा विषुववृत्तावर जितका उंच चढेल तितके त्याचे पाय उत्तरेला आणि दक्षिणेला लांब टेकतात. त्याचा पाय इंदूरवर पडायचा तर त्याला तिकडे सातशे-आठशे किलोमीटरच्या वर चढावं लागतं.

सूर्य मंद असताना बुडबुडे तेवढे चढत नाहीत. तिरुनेलवेलीला त्रास होतो आणि आपण सुटतो. २००८-०९ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये आम्ही ऑक्टोबरच्या रात्री निवांत काम केलं ते यामुळेच. सूर्य जोरात असताना ते चढतात, आणि मग आपली स्थिती तिरुनेलवेलीपेक्षा वाईट होते. कारण आपल्यावर रास आहे, आणि दाट राशीत पडलेल्या भोकाच्या भिंती उंच असतात.

या भिंतींजवळ तीन-चारशे मीटरच्या आकाराच्या गुठळ्या असतात. उपग्रहाचा सिग्नल त्यांतून येताना, तापलेल्या डांबरी रस्त्यावरच्या झळांतून समोरची गाडी थरथरते तसा थरथरतो. क्षणात जोर वाढतो, क्षणात बुडतो. रिसीव्हरची पकड सुटते, लाटांची मोजणी तुटते. आरटीकेची सगळी इमारत त्या पूर्ण लाटांच्या मोजणीवर उभी आहे. ती तुटली की फिक्सचा फ्लोट. जीपीएसचे दुसरे सिग्नल, एल-टू आणि एल-फाइव्ह, कमी वारंवारितेचे म्हणून आधी जातात, एल-वन थोडा तग धरतो. आपल्या नाविक या भारतीय उपग्रह यंत्रणेचा एस-बँड २४९२ मेगाहर्ट्झवर आहे, त्याला हा त्रास बराच कमी.

मी हे पहिल्यांदा ओळखलं ते मार्च २०१४ मध्ये, राऊकडच्या बायपासवर. आदल्या दोन रात्री मी बेसच्या रेडिओला दोष देत होतो. अँटेनाची केबल बदलली, बॅटरी बदलली, बेस टेकडीवर नेला. तिसऱ्या रात्री पोल खुंटीवर धरला, पोलवरच्या पाणसळीचा बबल मधोमध, कंट्रोलरवर फिक्स, आडवी अचूकता १२ मिलिमीटर, उभी १९. घड्याळात आठ वाजून बारा मिनिटं. मी पॉइंट घेण्याऐवजी उपग्रहांचं पान उघडून बसलो. दक्षिणेकडच्या चार उपग्रहांच्या सिग्नलचा जोर दाखवणारे खांब नाचत होते. एक ४६ वरून २९ वर, परत ४३, परत ३१. उत्तरेकडचे सगळे शांत, जणू त्यांना कुणी हात लावलेला नाही. दीड मिनिटाने फ्लोट आला, उभी अचूकता अर्ध्या मीटरवर गेली. चाळीस सेकंदांनी फिक्स परत आली आणि माझ्या मुलाने भराभर अकरा पॉइंट घेतले. सकाळी ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, लावून तपासले तर त्या अकरांची उंची २३ सेंटिमीटरने खाली. सगळ्यांची सारखीच. कंट्रोलर म्हणत होता फिक्स, आणि फिक्स खोटी होती.

ते २३ सेंटिमीटर मी विसरलेलो नाही. फ्लोट आला तर माणूस थांबतो. खोटी फिक्स आली तर माणूस काम करत राहतो आणि डांबर पडल्यावर कळतं. तू तीन रात्री फिक्स जात राहिली असं लिहिलं आहेस. मला काळजी आहे ती ज्या मिनिटांत ती गेली नाही त्यांची.

आता अंदाजाकडे येऊ. सगळ्यात भरवशाचा अंदाज पंचांगात आहे. भारतात हे बुडबुडे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत सर्वांत जास्त येतात. आपल्याकडे होकायंत्राची सुई जवळजवळ खऱ्या उत्तरेलाच असते, एखाद्या अंशाचा फरक. त्यामुळे संपातांच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या, दिवसांत संध्याकाळच्या सावलीची कड चुंबकीय रेषेला समांतर येते, आणि रेषेच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना एकाच वेळी सूर्यास्त होतो. तो एकाच वेळी झाला की ती विद्युत उसळी सर्वांत जोरदार. ब्राझीलमध्ये सुई बरीच पश्चिमेला झुकते, म्हणून त्यांचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. परदेशी कंपनीच्या पुस्तिकेतला तक्ता बघून कुणी डिसेंबरात काम टाळलं आणि ऑक्टोबरात लावलं तर त्याचं नुकसानच होईल. आपल्यासाठी सोपी खूण: गुढीपाडवा आणि नवरात्र यांच्या मागचे-पुढचे तीन-चार आठवडे.

दुसरा आकडा फ्लक्स. कॅनडातल्या पेंटिक्टन इथे २८०० मेगाहर्ट्झवर सूर्याचा रेडिओ गोंगाट, म्हणजेच फ्लक्स, रोज मोजतात. ही नोंद १९४७ पासून अखंड चालू आहे. सूर्य झोपलेला असताना आकडा ७०च्या खाली येतो, जागा असताना २०० च्या वर जातो. अतिनील किरणं थेट जमिनीवरून मोजता येत नाहीत, पण फ्लक्स त्यांच्याबरोबर वरखाली होतो म्हणून तो चालतो. माझा कामचलाऊ हिशेब असा: संपाताच्या महिन्यांत फ्लक्स ९० च्या खाली असेल तर रात्रीचं काम बिनधास्त लाव. १३०-१४० च्या वर असेल तर बुडबुडा येणारच असं धरून चाल, न आला तर आनंद. मधल्या आकड्यांत आदल्या संध्याकाळी काय झालं ते बघ, कारण उपग्रहांचं पान रोज सव्वाआठला उघडलं की तीन-चार दिवसांत त्या आठवड्याचा कल कळतो. फ्लक्सचा अंदाज पुढच्या काही दिवसांसाठी चांगला असतो, आणि सूर्य स्वतःभोवती आपल्या दृष्टीने साधारण २७ दिवसांत फिरतो, म्हणून मागच्या फेरीचा आकडाही पुढच्या फेरीसाठी उपयोगी पडतो.

अनेक वर्षांच्या अंदाजावर मात्र फार विसंबू नकोस. सूर्यचक्र २५ साठी, म्हणजे सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउताराच्या सध्याच्या फेरीसाठी, तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने सूर्यावरच्या डागांच्या संख्येचा माथा ११५ आणि तो जुलै २०२५ मध्ये येईल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो ऑक्टोबर २०२४ मध्ये आला आणि १६० च्या आसपास गेला. पुढच्या दोन-तीन वर्षांची यंत्रं आणि मजूर कुणी त्या अंदाजावर ठरवली असतील तर त्याला फटका बसला असणार. आता उतार आहे, पण उतार लांब असतो. उज्जैनचा सिंहस्थ २०२८ च्या वसंतात आहे. त्याच्या आखणीची आणि ड्रोनची कामं करणाऱ्यांनी मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी वेळापत्रकात वेगळ्या रंगाने लिहून ठेवाव्यात.

आता केपी. हा आकडा शून्य ते नऊ, दर तीन तासांचा, जर्मनीतल्या पॉट्सडॅमची संस्था काढते. १३ वेधशाळांच्या नोंदींवरून काढते आणि त्यांतली एकही भारतात नाही. जवळजवळ सगळ्या ध्रुवाकडे सरकलेल्या अक्षांशांवर आहेत, कारण ध्रुवीय प्रकाशाच्या बाजूची खळबळ टिपायची असते. पुन्हा हे तीन तास जागतिक वेळेतले. तुझी संध्याकाळ बघायची तर १२ ते १५ चा रकाना म्हणजे आपले साडेपाच ते साडेआठ, आणि १५ ते १८ चा म्हणजे साडेआठ ते साडेअकरा. तारखेच्या शेवटच्या रकान्याला आपली रात्र समजून बघणारे मी पाहिले आहेत. तो आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचा पहाटे अडीच ते साडेपाचचा असतो.

वादळ आलं तर आपल्याकडे दोन उलट गोष्टी होऊ शकतात, आणि हा विषयाचा सर्वांत अवघड भाग आहे. वादळ सुरू होताना, सौर वाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र एकदम दक्षिणेकडे वळलं की विद्युत क्षेत्र काही मिनिटांत विषुववृत्तापर्यंत घुसतं. ही घुसखोरी नेमकी आपल्या सूर्यास्ताच्या वेळी झाली तर संध्याकाळची उसळी आणखी वाढते आणि मोठमोठे बुडबुडे उठतात, हंगाम नसतानाही. पण वादळाला सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त झाले असतील तर ध्रुवांकडे तापलेली हवा वाहू लागते, आणि तिच्यामुळे जे विद्युत क्षेत्र तयार होतं ते संध्याकाळी उलट्या दिशेचं असतं. मग उसळीच दबते, आणि ऑक्टोबरची संध्याकाळ असूनही सिग्नल स्वच्छ मिळतो. म्हणजे केपी सात बघून काम रद्द केलं आणि त्याच रात्री आकाश निर्मळ, हे अगदी होऊ शकतं. आपल्या पट्ट्यात वादळाचा आकार जितका महत्त्वाचा, तितकंच ते आपल्या घड्याळात किती वाजता आलं हेही महत्त्वाचं.

मे २०२४ ची रात्र आठवत असेल. १० मे रोजी रात्री साडेदहानंतर वादळाचा पहिला धक्का नोंदला गेला, केपी नऊपर्यंत गेला, वादळाचा जोर सांगणारा डीएसटी आकडा उणे ४०० नॅनोटेस्लाच्या पलीकडे गेला. लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी लाल ध्रुवीय प्रकाश टिपला. अमेरिकेत पेरणीचे दिवस होते आणि जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर शेतात थांबवावे लागले. धक्का पोचला तेव्हा आपला सूर्यास्त होऊन साडेतीन तास झाले होते. तो सातला आला असता तर काय झालं असतं, हा विचार मी अजून करतो.

हे वादळ किती आधी कळतं? सूर्यावर ज्वाला भडकली की तिचा प्रकाश आठ मिनिटांवर काही सेकंदांत इथे पोचतो. त्याला इशारा नसतोच, फक्त आज इतकी शक्यता असं सांगता येतं. ज्वालेचे क्ष-किरण दिवसाच्या बाजूला खालचा थर दाट करतात आणि शॉर्टवेव्ह काही मिनिटांपासून तास-दोन तास गप्प होते. आरटीकेला त्याचा त्रास किरकोळ. ज्वालेबरोबर जो भार फेकला जातो, ज्याला आपण सीएमई म्हणतो, तो मात्र बहुधा दोन-तीन दिवसांनी येतो. अगदी वेगवान असला तर पंधरा-अठरा तासांत. सूर्यबिंब झाकून भोवतालचा भाग टिपणाऱ्या कोरोनाग्राफ दुर्बिणीच्या चित्रांवरून त्याचा वेग काढून येण्याची वेळ सांगतात, आणि त्यात सरासरी दहा-बारा तासांची चूक असते. दहा तास म्हणजे आपल्यासाठी सकाळ की संध्याकाळ एवढा फरक! त्याहून मोठी अडचण अशी की त्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे हे लांबून कळत नाही. उत्तरेकडे असेल तर मोठा सीएमई जेमतेम जाणवतो. दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीचं दार उघडतं. ते कळतं फक्त पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर, एल-वन बिंदूवरच्या यानांना (जीपीएसच्या एल-वन सिग्नलशी या नावाचा संबंध नाही). आपलं आदित्य एल-वन ६ जानेवारी २०२४ पासून तिथे आहे आणि त्यावर चुंबकमापक आहे. तिथून इथे यायला वाऱ्याला पंधरा मिनिटं ते एक तास लागतो. म्हणजे दिशा कळल्यावर तुझ्या हातात पोल गुंडाळण्याइतकाच वेळ असतो.

सूर्यचक्र उतरताना आणखी एक प्रकार वाढतो. सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातल्या, म्हणजे किरीटातल्या, विवरांतून वेगवान वारा सुटतो आणि ते विवर दर २७ दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येतं. ही वादळं मध्यम असतात, केपी पाच-सहा, पण तारीख आधी सांगता येते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण कर.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सप्टेंबर १८५९ मध्ये इतिहासातलं सर्वांत प्रसिद्ध चुंबकीय वादळ आलं, तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत माणसं हाताने नोंद घेत होती. आडव्या चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट त्यांनी लिहून ठेवली, आणि आज त्या वादळाचा आकार ठरवताना जगभरचे अभ्यासक त्या वहीकडे वळतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. अलिबागचा आकडा तुझ्याही कामाचा आहे. तिरुनेलवेली चुंबकीय विषुववृत्तावर आहे, अलिबाग त्याच्या बाहेर. तिरुनेलवेलीच्या दिवसाच्या वाढीतून अलिबागची वाढ वजा केली की विषुववृत्तावरच्या विद्युत प्रवाहाचा जोर मिळतो, म्हणजे कारंज्याचा पंप आज किती जोरात चालला ते कळतं. दुपारी पंप जोरात असेल तर संध्याकाळी आपल्यावरची रास मोठी. बुडबुडा आजच येईल की उद्या, हे नक्की सांगणारं सूत्र अजून जगात कुणाकडे नाही, पण दुपारच्या या आकड्याने शक्यता थोडी जवळून दिसते.

शॉर्टवेव्हवाल्यांसाठी थोडंसं, कारण मी स्वतः लोकमान्य नगरच्या गच्चीवरून हॅम रेडिओ चालवतो. राशीखाली राहण्याचा आपल्याला फायदाच आहे. फ्लक्स १५० असताना २८ मेगाहर्ट्झवर दुपारी युरोप शेजारच्या खोलीतून बोलावं तसा येतो. आणि ज्या संध्याकाळी दक्षिणेकडून येणारा आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा फडफडायला लागतो, त्या संध्याकाळी मी साइटवर फोन करतो की पोल ठेवा, चहा घ्या. बुडबुडे कानाने ऐकू येतात.

वर्तमानपत्रात सौर वादळाची बातमी आली की घरचे मोबाइल बंद पडणार का विचारतात. मोबाइलचा सिग्नल टॉवरवरून येतो, आयनांबरातून नाही. विमानांना जीपीएसच्या चुका कळवणाऱ्या गगन यंत्रणेत आपल्या पट्ट्यातल्या आयनांबरासाठी वेगळं प्रारूप बसवलं आहे आणि भरवसा कमी झाला की ती स्वतः तसं कळवते. आपल्या रोव्हरला ती शिस्त नाही, म्हणून ती आपण पाळायची.

तुझ्या कामासाठी मी असं करीन. ऑक्टोबरभर आरटीके संध्याकाळी सातपर्यंत उरकायचं आणि पुन्हा साडेबारानंतर सुरू करायचं. मधल्या वेळात टोटल स्टेशन लावायचं. ते जमिनीवरूनच अंतर आणि कोन मोजतं, त्याला आयनांबर माहीत नाही. मध्येच आरटीके करावंच लागलं तर जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू सगळे चालू ठेव, म्हणजे दक्षिणेचे गेले तरी उत्तरेचे पुरतात. क्षितिजापासून किती कोनाखालचे उपग्रह सोडायचे ती मर्यादा १५ वरून २० अंशांवर ने, त्याहून वर नको, नाहीतर उंचीची पकड सुटते. दर पंधरा मिनिटांनी ज्ञात बिंदूवर पोल ठेव. आणि प्रत्येक महत्त्वाचा पॉइंट फिक्स पूर्ण सोडून, नव्याने घेऊन, निदान अर्ध्या-पाऊण तासाने दुसऱ्यांदा घे. बुडबुडा पूर्वेकडे सरकत असतो, तोपर्यंत तो त्या उपग्रहासमोरून गेलेला असतो. बेसचा कच्चा डेटा रात्रभर सेकंदा-सेकंदाला साठवत राहा.

त्या तीन रात्रींचे पॉइंट अजून कुणाकडे दिले नसतील तर देऊ नकोस. येत्या शनिवारी सकाळी आठ ते अकरा त्यांतले वीस-पंचवीस ऑटो लेव्हलने तपास. सुरुवात रात्री आठनंतरच्या पॉइंटांपासून कर, आणि त्यांतही फिक्स गेल्यावर पहिल्या दोन मिनिटांत घेतलेल्यांपासून. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर त्या रात्रीचे साडेसातनंतरचे सगळे रद्द करून पुन्हा घे. कंट्रोलरमधली सिग्नलच्या जोराची नोंद पुसू नकोस. ती घेऊन ये, दक्षिणेचे कोणते उपग्रह किती वाजता बुडाले ते आपण शेजारी बसून बघू.